हातचा एक दिवस

सूनबाई, अंदमानचं तिकीट काढायला बसशील तेव्हा जाण्याची तारीख नंतर बघ, आधी परतीची ठरव. आणि त्या परतीच्या तारखेपुढं एक दिवस कोरा सोड. थोरलीची शाळा, तुझ्या सासूबाईंचा डॉक्टर, सोयऱ्याची सुपारी, गावची यात्रा, जे असेल ते त्या कोऱ्या दिवसाच्या पलीकडं. बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आलो. लोक मान डोलावतात आणि रविवारी दुपारचं विमान धरून सोमवारी सकाळी सुप्याच्या एमआयडीसीत हजर व्हायचा हिशेब मांडतात.

नगरहून पुण्याला निघालं आणि शिरूरला गाडी बंद पडली, तर मागून दुसरी एसटी येते. ती नाही आली तर वडाप मिळतं, तेही नाही तर ओळखीचा कांद्याचा टेम्पो असतोच. पोर्ट ब्लेअरला यातलं काही नाही. एक विमानतळ, त्याला एक धावपट्टी, आणि चहूकडं पाणी. जहाज आहे, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जातं, पण चेन्नईहून त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात आणि ते रोज सुटत नाही. आमच्या वेळी बदली झालेले जवान त्याच जहाजानं जायचे. निम्मे रस्ताभर ओकायचे. वहिनींना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, त्या वाटेनं न्यायचा विचारसुद्धा करू नकोस.

तिथल्या धावपट्टीचं गणित समजून घे, म्हणजे विमान रद्द झालं की काउंटरवरच्या पोरीशी भांडायची इच्छा होणार नाही. धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य अशी आडवी पडली आहे. तिच्या एका टोकाला डोंगर आहे, दुसऱ्या टोकाची बाजू मोकळी. त्यामुळं विमानं उतरतात ती मोकळ्या बाजूनं, ईशान्येकडं तोंड करून, आणि उडतात ती उलट दिशेनं. दुसरीकडं कुठं वारा फिरला की विमान दुसऱ्या टोकानं उतरवतात, इथं ती सोय नाही. आता पावसाळ्यात वारा कुठून येतो? नैर्ऋत्येकडून. म्हणजे उतरताना नेमका पाठीमागून. विमानाला उतरताना समोरचा वारा लागतो, पाठीमागचा एका मर्यादेपर्यंतच चालतो. ती मर्यादा ओलांडली की वैमानिक वरच्या वर घिरट्या घालतो, जमलं तर उतरतो, नाहीतर परत फिरतो.

परत फिरतो म्हणजे थेट चेन्नईला किंवा कोलकात्याला. जवळपास प्रवासी विमानं उतरवायला दुसरा विमानतळ नाही, म्हणून निघतानाच परत येण्याइतकं इंधन भरून निघतात. चेन्नईहून जायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. खाली हिरवं बेट दिसतंय, आणि विमान वळून पुन्हा सव्वादोन तास समुद्रावरून माघारी, असं तुमच्या बाबतीत झालं तर घाबरू नका. वैमानिकाला वेड लागलेलं नसतं. तो शहाणा असतो म्हणून माघारी फिरतो.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आपल्याकडं प्रत्येक शेतकरी एका बातमीची वाट बघतो, 'मान्सून अंदमानात दाखल'. पारनेरला वर्षभरात पाचशे मिलिमीटर पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो, तिथं वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पडतो. नैर्ऋत्येचा पाऊस पडतो, मागोमाग ईशान्येचाही पडतो. ती बातमी आपल्या बांधावर पेढे वाटायची असली तरी विमानानं जाणाऱ्यासाठी ती अडचणीची आहे. मेच्या मध्यापासून पुढं पावसाळाभर जायचं झालं तर कोरे दिवस दोन ठेव. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम. आपली माणसं दिवाळीची सुट्टी बघून नेमकी तेव्हाच निघतात. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. समुद्रही त्या दिवसांत माणसात असतो.

डिसेंबर 2016 मध्ये वरदा वादळाच्या आधीच्या दिवसांत हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजारावर पर्यटक अडकून पडले होते. बोटी बंद, हेलिकॉप्टर उडेना. शेवटी नौदलाची जहाजं गेली त्यांना आणायला. आणि अडचण पावसाचीच असते असं नाही. क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी अधूनमधून तिथलं आकाश काही तास बंद ठेवतात. 2025 च्या मे महिन्यात लागोपाठ दोन दिवस सकाळी तीन-तीन तास बंद होतं. तुझा नवरा तिथं फौजेत आहे, त्याला ते आधी कळलं तरी तो घरी सांगणार नाही, आणि सांगूही नये. तू विचारू नकोस.

हे आपल्याच बेटाचं आहे असं नाही. अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचं बेट आहे. नेपोलियनला इंग्रजांनी 1815 मध्ये तिथं नेऊन ठेवलं, तो तिथंच गेला. बोअर युद्धातले कैदी इंग्रजांनी त्या बेटावर ठेवले होते आणि त्याच युद्धातले काही आपल्या अहमदनगरलाही आणून ठेवले होते, म्हणून मला त्या बेटाचं वाचायला आवडतं. तिथं विमानतळ बांधून झाला आणि मग लक्षात आलं की धावपट्टीच्या टोकाला कड्यावरून येणारा वारा विमानाला आपटवतो. उद्घाटन वर्षभराहून जास्त लांबलं. पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं 14 ऑक्टोबर 2017 ला. आपल्या काकडीच्या विमानतळाचं, म्हणजे ज्याला सगळे शिर्डी विमानतळ म्हणतात त्याचं, उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते झालं त्याच महिन्याच्या 1 तारखेला. तोवर सेंट हेलेनाला जायला केपटाऊनहून पाच दिवस बोटीनं जावं लागायचं. विमान सुरू झालं तरी हवेमुळं उशीर होणार हे तिथला माणूस धरूनच चालतो. आपण नाही चालत.

आता कुठून निघायचं ते. काकडीचा विमानतळ कोपरगाव, राहाता, संगमनेर, श्रीरामपूर इकडच्या लोकांना सोयीचा. तिथून दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांना उड्डाणं राहिली आहेत, पण वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. हिवाळ्यात सकाळच्या धुक्याचा भरवसा नाही. 2019 च्या नोव्हेंबरात नीट दिसत नाही म्हणून काही आठवडे तिथली उड्डाणंच बंद होती. तुम्ही पारनेरकडच्या, तुम्हाला पुण्याचं लोहगावच बरं. चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता अशा चारही वाटा तिथून उघड्या असतात. एक बंद झाली तर दुसरी धरता येते.

एक आणखी. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या विमान कंपन्यांची वेळापत्रकं बदलतात. जानेवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट असेल तर त्याची वेळ पुढंमागं सरकलेली असू शकते. मोबाइलवर आलेला निरोप बँकेचा समजून पुसून टाकू नकोस.

लोहगावला पोचायचं तर नगर-पुणे रस्ता लागतो, आणि त्या रस्त्याचं काय सांगू! सुपा, शिरूर, रांजणगावपर्यंत गाडी छान पळते. मग शिक्रापूर, लोणीकंद, वाघोली. वाघोलीत दोन तास गेलेले मी पाहिलेत. विमान पहाटेचं असेल तर रात्री जेवून निघा आणि विमानतळावर बसून राहा. सकाळी दहा-अकराचं असेल तर पहाटे चारलाच गाव सोडा. 'अजून वेळ आहे' म्हणणारा एक चुलता प्रत्येक घरात असतो, त्याला बरोबर घेऊ नका.

तिकीट एकच काढायचं. पुणे ते चेन्नई वेगळं, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर वेगळं, असं दोन कंपन्यांचं काढलं की हजार-दोन हजार वाचतात. पण पुण्याहून उशीर झाला तर पुढची कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही देत नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असली की पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्यात बसवणं हे कंपनीचं काम होतं. सामानही थेट शेवटापर्यंत जातं. पुण्याला बॅगेला पट्टी लावतील, तिच्यावर तीन अक्षरं बघ: आयएक्सझेड. तो पोर्ट ब्लेअरचा सांकेतिक शब्द. तिथं एमएए असेल तर बॅग चेन्नईलाच उतरणार, लगेच विचार. गावाचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर कुठं जुनं असेल, कुठं नवं. ही तीन अक्षरं मात्र तीच.

तुझा नवरा फौजेत आहे, तेव्हा तिकिटाचे पैसे मिळण्याचे नियम असतील. ते आधी त्याच्या युनिटच्या ऑफिसातून लेखी विचारून घे. तिकीट कुठल्या एजंटाकडून काढायचं हेही त्या नियमांत येतं. गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडून काढलं की नंतर कागद अडकतो. आणि बोर्डिंग पास फाडून टाकायचे नाहीत. जातानाचे, येतानाचे, सगळ्यांचे, एका पाकिटात.

वहिनींचे गुडघे दुखतात. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेव. त्या लाजतील, 'मी काय आजारी आहे का' म्हणतील. म्हणू दे. चेन्नईला एका दारातून दुसऱ्या दाराला चालत जायचं अंतर आपल्या वेशीपासून मळ्यापर्यंत भरतं. खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर असला की तपासणीतूनही पुढं काढतो आणि तुम्ही दोघी लेकरांसह त्याच्यामागं जाता. धाकटी दोन वर्षांच्या आतली आहे, तिला वेगळी सीट नाही, मांडीवर घ्यायची. पण तिचा जन्माचा दाखला पाहिजे. मोबाइलमधला फोटो एखादा मानतो, एखादा नाही. कागद ठेव.

सामानाचं म्हणशील तर आपल्या बायका विमानात बसतानाही बैलगाडी भरतात. मी रागावत नाही. तिथं बाजरीचं पीठ मिळत नाही हे मला माहीत आहे, आणि तुझ्या नवऱ्याला शेंगोळी किती आवडतात तेही. तेव्हा बाजरीचं पीठ, हुलग्याचं पीठ, मटकी, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, कुरडया, सगळं घे, पण मोठ्या बॅगेत. देशातल्या प्रवासाला मोठी बॅग बहुतेक ठिकाणी 15 किलोची आणि हातातली 7 किलोची. तिखट आणि लोणचं हातातल्या बॅगेत घालायचं नाही, तपासणीत काढून घेतात. तिखट डोळ्यांत फेकता येतं, हे त्यांनाही कळतं. लोणच्याच्या बरणीचं तोंड मेणकापडानं बांधून दोन पिशव्यांत घाल. वर हवेचा दाब कमी होतो, झाकणातून तेल बाहेर येतं आणि साड्यांना लागतं. पापड-कुरडया पत्र्याच्या डब्यात. तिथल्या हवेत दोन दिवसांत त्यांची चामडी होते.

खोबऱ्याचं नीट ऐक, कारण इथं भलेभले फसतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि मोठ्या बॅगेतही नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून ते मनाईच्या यादीत आहे. अख्खा नारळ हातात घेऊन बसू देत नाहीत. काकडीच्या विमानतळावर साईबाबांच्या प्रसादाचा नारळ हातात घेऊन रांगेत उभी असलेली माणसं दिसतात, त्यांचे चेहरे बघवत नाहीत. तू बाबांची उदी घे, तिला कोणी अडवत नाही. कापूर आणि काडेपेटी घरीच. आणि खोबरं अंदमानला कशाला न्यायचं, तिथं पावलोपावली माड आहेत!

वहिनींच्या कनवटीला चंची असते. तिच्यातला आडकित्ता आधी काढून मोठ्या बॅगेत टाक. नाहीतर तपासणीच्या दारात तो जप्त होईल आणि त्यांच्या आईनं दिलेला म्हणून त्या पोर्ट ब्लेअरपर्यंत रडतील. सुपारी कातरून डबीत दे. पॉवर बँक उलटी, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच लागते. वहिनींच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, आणि जितके दिवस राहणार त्याहून आठवडाभराच्या जास्त. तो कोरा दिवस फक्त कॅलेंडरात ठेवून भागत नाही, गोळ्यांत आणि पैशांतही ठेवावा लागतो. नोटा जवळ असू देत. चेन्नईहून समुद्राखालून 2,312 किलोमीटरची तार 2020 मध्ये टाकली, तेव्हापासून तिथं इंटरनेट सुधारलं. तरी लहान बेटांवर फोननं पैसे देताना चाक फिरत राहतं.

विमानात बसल्यावर धाकटीला वर चढताना आणि विशेष करून खाली उतरताना अंगावर पाज किंवा बाटली तोंडात दे. गिळताना कानातली हवा मोकळी होते. झोपलेली असेल तर विमान खाली यायला लागलं की उठव, रडली तरी चालेल, रडण्यानंही कान सुटतात. मोठ्यांनी आवंढा गिळायचा, गोळी चघळायची. कुणाला सर्दी जाम झालेली असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला दाखवा.

समुद्रावरचा प्रवास आहे, तेव्हा विमानातली मुलगी पिवळं जॅकेट दाखवते त्याकडं लक्ष द्या. त्यातली एक गोष्ट पाठ कर: जॅकेट अंगात घालायचं, पण विमानातून बाहेर पडेपर्यंत फुगवायचं नाही. 1996 च्या नोव्हेंबरात अपहरण झालेलं इथिओपियाचं एक विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलं. कित्येकांनी आतच जॅकेट फुगवली, पाणी आत आलं तशी ती माणसं छताला जाऊन चिकटली आणि दारापर्यंत पोचू शकली नाहीत. फौजेत आम्हाला हे घोकून घेतलेलं असतं, साध्या प्रवाशाला कोणी कारण सांगत नाही.

आणि एक विषय वहिनींसमोर काढू नकोस. 22 जुलै 2016 ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-32 विमान 29 जणांसह उपसागरावर नाहीसं झालं. साडेसात वर्षांनी, जानेवारी 2024 मध्ये, चेन्नईपासून 310 किलोमीटरवर सुमारे 3,400 मीटर खोल समुद्रतळाशी त्याचे अवशेष ओळखता आले. ते फौजी कुरिअर होतं, तुम्ही जाणार ते प्रवासी विमान वेगळं. पण ज्यांची पोरं तिथं आहेत त्या घरांत ही बातमी कोणी विसरलेलं नाही. वहिनीही विसरलेल्या नाहीत, फक्त बोलत नाहीत.

उतरताना फोटो काढायचे नाहीत. तो विमानतळ नौदलाचा तळही आहे, आयएनएस उत्क्रोश. लोहगावही हवाई दलाचंच. जवानाच्या बायकोनं तरी धावपट्टीचा व्हिडिओ करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. बाहेर आलं की नव्या इमारतीचे काढा हवे तेवढे, शिंपल्यासारखी बांधली आहे, 2023 च्या जुलैमध्ये सुरू झाली.

तिथं घड्याळ आपलंच असतं पण सूर्य आपला नसतो. बेटं आपल्या पूर्वेला इतकी लांब आहेत की तिथं दिवस तासाभरानं आधी सुरू होतो आणि तासाभरानं आधी संपतो. हिवाळ्यात पाच वाजले की अंधार. आपल्या सवयीनं नऊला आवरून, दुपारी जेवून, चारला फिरायला निघाल तर काहीच बघून होणार नाही. सकाळी सहाला बाहेर पडा.

सेल्युलर जेलला वहिनींना नक्की ने. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने आहेत, हळू न्यावं लागेल. त्या नाहीच चढल्या तर मधल्या मनोऱ्यात कैद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत, तिथं मुंबई प्रांताच्या नावांपाशी उभं करा. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्यांत आपल्या अकोले तालुक्यातल्या समशेरपूरचे वामन जोशी होते. आपल्या जिल्ह्यातले किती लोक हे जाणतात, मला शंका आहे. सात पाकळ्यांचा तो तुरुंग 1906 मध्ये पुरा झाला, आता तीनच पाकळ्या उभ्या आहेत.

हॅवलॉकला जाल. आता त्याला स्वराज द्वीप म्हणतात, नीलला शहीद द्वीप. जायचं असेल तर आल्या आल्या जा. सुट्टीच्या शेवटी ठेवू नका. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि तुमचं विमान तिकडं पोर्ट ब्लेअरहून निघून जातं. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. नवरा म्हणेल, सकाळच्या बोटीनं येऊ, मी बघतो. त्याचं ऐकू नकोस. फौजी माणसाला सगळं जमतं असं वाटतं, बोट त्याच्या हाताखाली नसते. हेलिकॉप्टरच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. त्यात जागा थोड्या, सामान जेमतेम न्यायचं, आणि कुठल्या बेटावर कोणी अडलेली बाई किंवा आजारी माणूस असला की आधी त्यांना बसवतात, ते योग्यच आहे.

तिथं पाण्याखाली उतरून मासे बघायची टूम आहे. तुम्हा दोघांना जायचं असेल तर जा, मी काही बोलणार नाही. पण पाण्यातून वर आल्यापासून पूर्ण एक दिवस विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन मुरतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच विमानात बसून वर गेलं तर दाब उतरतो आणि त्याचे बुडबुडे सांध्यांत, मणक्यात अडकतात. लुळं पडलेलं माणूस बघायला मिळतं यापायी. म्हणजे तेही सुरुवातीलाच उरकायचं.

पोरी किनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा करतील, पोवळ्याचे पांढरे तुकडे खिशात भरतील. खेळू दे, पण निघताना सगळं तिथंच ठेवायला लाव. वन्यजीव कायद्यात यातल्या बऱ्याच जाती येतात आणि विमानतळावर बॅगा त्या नजरेनं तपासतात. मेलेलं पोवळं, वाळूत सापडलेलं, हे कारण चालत नाही. वहिनींना देवघरात ठेवायला शंख हवा असेल तर सरकारी दुकानातून घ्या, पावती घ्या, पावती शंखापेक्षा जपून ठेवा.

विमान हवेमुळं रद्द झालंच तर भरपाई मागत बसू नका, ती मिळत नाही. कंपनीनं तुम्हाला दुसऱ्या विमानात जागा द्यायची किंवा पैसे परत करायचे, यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. आणि इथं लोक पटकन 'पैसे परत द्या' म्हणतात. तसं म्हणू नका. पैसे घेतले की तुम्ही मोकळे आणि कंपनीही मोकळी. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मग त्या दिवसाच्या भावानं काढावं लागतं, आणि विमानं रद्द झाल्यानंतरचा भाव कांद्याच्या भावासारखा उसळतो. जागाच मागा. पूर्ण एक तिकीट असेल तर पुण्यापर्यंतची मागा.

येताना मी पुण्याला गाडी पाठवीन. पण पोर्ट ब्लेअरहून विमान सुटलं असा फोन करू नकोस, सुटलेलं विमानही दारातून परत येतं. चेन्नईला उतरून पुढच्या विमानाच्या दाराशी बसलात की फोन कर. मग मी ड्रायव्हरला उठवतो. वाघोली त्यालाच पार करायची आहे.